पाच संगणकांच्या वाटेवरचं स्टेशन

झाशी म्हटलं की मराठी माणसाचं बोलणं १८५८ च्या उन्हाळ्यात जाऊन थांबतं. नेवाळकरांचा वाडा, राणीचा घोडा, वरसईहून निघून नेमक्या त्या धामधुमीत झाशीत अडकलेले गोडसे भटजी आणि त्यांचा ‘माझा प्रवास’. त्यापुढे झाशी जणू मराठी इतिहासातून उठूनच जाते. प्रत्यक्षात ३१ मार्च २००३ पर्यंत झाशीचा रेल्वे विभाग मुंबईच्या बोरीबंदरातून चालत होता. तिथल्या बदल्या, बढत्या, वेळापत्रकं, कोट्याची पत्रं, सगळं मुंबईच्या सहीनं. झाशीची रेल्वे मुंबईकडे आली त्या १९०० पासून मोजलं तर ही शंभराहून अधिक वर्षं होतात. नेवाळकरांची झाशीवरची सुभेदारी आणि राज्य मिळूनसुद्धा एवढी वर्षं भरत नाहीत.

या लांबलचक कारभाराचं एक प्रकरण फारसं कुणी लिहीत नाही, कारण ते वरवर पाहता रुक्ष आहे. वेगवेगळ्या जातीच्या यंत्रांना एका जाळ्यात कसं गुंफायचं आणि त्या जाळ्यात कुणाला काय करू द्यायचं, हा तो विषय. आज याला सर्व्हर क्लस्टर आणि यूजर मॅनेजमेंट अशी भारदस्त नावं आहेत. झाशीच्या आरक्षण खिडकीवर हा प्रश्न ही नावं येण्याआधीपासून उभा होता.

रेल्वे आली तेव्हा झाशी खालसा होऊन तीस वर्षं उलटली होती. १८५३ च्या एप्रिलात जीआयपी या मुंबईच्या रेल्वे कंपनीची पहिली गाडी मुंबईहून ठाण्याला गेली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात झाशीचे राजे गंगाधरराव वारले आणि पुढच्या वर्षी संस्थान गेलं. १८८५ मध्ये इंडियन मिडलँड रेल्वे नावाची कंपनी निघाली, तिनं आपलं ठाणं झाशीत मांडलं. तिथून दक्षिणेला भोपाळकडे, उत्तरेला ग्वाल्हेर-आग्र्याकडे, ईशान्येला कानपूरकडे आणि पूर्वेला माणिकपूरकडे रूळ गेले. १८९५ मध्ये वर्कशॉप उभं राहिलं. ते आजही चालू आहे. १९०० मध्ये मिडलँडचा कारभार मुंबईच्या जीआयपीकडे गेला आणि झाशी मुंबईला जोडली गेली ती थेट एकविसाव्या शतकापर्यंत. १ जून १९१२ रोजी मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून पंजाब मेल पेशावरकडे निघाली. सुमारे २,५०० किलोमीटर, सत्तेचाळीस तासांच्या आसपास. वाटेत झाशी.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा जीआयपीसोबत निजामाची रेल्वे आणि शिंद्यांची रेल्वेही तिच्यात आली. शिंद्यांची गाडी म्हणजे ग्वाल्हेरची दोन फुटी. एकाच स्टेशनाच्या आवारात एका बाजूला साडेपाच फुटी ब्रॉडगेज आणि दुसऱ्या बाजूला दोन फुटांचे रूळ. डबा इकडचा तिकडे जाणं अशक्य. माल उतरवायचा, पुन्हा चढवायचा. पण कर्मचारी एकाच हजेरीपटावर, पासचे नियम एक, हिशेबाची वही एक. ग्वाल्हेर-श्योपूर हा दोन फुटी मार्ग झाशी विभागात २०२० पर्यंत धावत होता. मिश्र यंत्रांचा क्लस्टर याहून फारसा निराळा नसतो: चाकं वेगळी, वही एक. हे एवढं ध्यानात ठेवलं की पुढची तांत्रिक भाषा जड जात नाही.

संगणकाआधी आरक्षण म्हणजे रजिस्टर. प्रत्येक गाडीला, प्रत्येक तारखेला एक पान. त्या पानावर डबा, बर्थ, नाव, वय. गाडी जिथून सुटते तिथे तिचं मूळ रजिस्टर. मधल्या स्टेशनांना ठरावीक बर्थांचा कोटा. पंजाब मेलचं पान मुंबईत आणि झाशीकडे त्यातले मोजके बर्थ. झाशीच्या माणसाला कोट्यापलीकडे जागा हवी असेल तर तार जायची, उत्तराची वाट पाहायची. परतीचं आरक्षणही तारेनंच. दिल्लीहून झाशीला आलेला माणूस परतीची तार दिल्लीहूनच करवून निघाला, तर शहाणा ठरायचा. खिडक्यासुद्धा गाड्यांनुसार वाटलेल्या. चुकीच्या रांगेत तासभर उभं राहून ‘ही खिडकी त्या गाडीची नाही’ हे ऐकण्याचा अनुभव त्या पिढीतल्या बहुतेकांनी घेतलेला असतो.

या रजिस्टरपद्धतीत यूजर मॅनेजमेंट होतंच, फक्त ते कुलपाच्या रूपात होतं. रजिस्टर कुणाच्या कपाटात, किल्ली कुणाकडे, खाडाखोडीवर सही कुणाची. एडमंडसनचं पुठ्ठ्याचं तिकीट, इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकाअखेरीस निघालेलं, याच शिस्तीचं अपत्य. प्रत्येक तिकिटाला अनुक्रमांक, त्यामुळे शिफ्ट संपताना गेलेली तिकिटं आणि पेटीतली रोकड जुळलीच पाहिजे. त्या क्रमांकानं क्लार्कला बांधून ठेवलं. गैरव्यवहार थांबले का? नाही. पण ते कुणाच्या हातून झाले हे शोधता येऊ लागलं, आणि कोणत्याही यूजर यादीचं पहिलं काम तेच असतं.

रेल्वेला संगणक नवे नव्हते. साठच्या दशकात झोनल रेल्वेंकडे आयबीएम १४०१ यंत्रं आली. पगारपत्रकं आणि मालवाहतुकीचे हिशेब त्यांवर निघत. प्रवाशाशी त्यांचा संबंध नव्हता. मग १९७८ मध्ये परकीय चलन कायद्याच्या वादात आयबीएमनं भारत सोडला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. चारच वर्षांपूर्वी त्यांनी देशभरचा रेल्वे संप चालवला होता. आयबीएम गेल्यावर देशभर विखुरलेल्या तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. कंपनीचं मूळ नावच कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन. हा तपशील महत्त्वाचा आहे. एका कंपनीची यंत्रं विकणारा विक्रेता आणि मिळेल त्या कंपनीचं यंत्र चालतं ठेवणारा मिस्त्री, यांच्या डोक्याची घडण वेगळी असते. रेल्वे आरक्षणाची पहिली संगणक यंत्रणा सीएमसीनं लिहिली हा योगायोग नसावा.

त्या यंत्रणेचं नाव इम्प्रेस. नोव्हेंबर १९८५ मध्ये नवी दिल्लीत प्रायोगिक सुरुवात, फेब्रुवारी १९८६ मध्ये औपचारिक उद्घाटन. यंत्रं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या अमेरिकी कंपनीची व्हॅक्स जातीची, प्रोग्राम फोरट्रानमध्ये. फोरट्रान ही खरं तर शास्त्रज्ञांची आकडेमोडीची भाषा. तिच्यात बर्थ, कोटा, सवलती, वेटिंग लिस्ट आणि गुंतागुंतीचे भाड्याचे नियम बसवायचे, म्हणजे धाडसच होतं. ते जमलं. दिल्लीत कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. पुढच्या काही वर्षांत मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथे अशीच केंद्रं उभी राहिली. १९८६ मध्येच रेल्वेनं स्वतःची संगणक संस्था काढली, ती क्रिस. याच काळात, १९८६ ते १९८९, रेल्वे राज्यमंत्री म्हणून ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे होते. देशातली पहिली शताब्दी एक्सप्रेस जुलै १९८८ मध्ये नवी दिल्लीहून झाशीपर्यंतच धावली. भोपाळपर्यंत ती नंतर वाढली. त्या गाडीच्या मार्गावर ग्वाल्हेर होतं हे सांगायला नकोच.

पण पाच केंद्रं म्हणजे पाच बेटं. प्रत्येकाच्या पोटात आपापल्या गाड्या. दिल्लीच्या माणसाला दिल्लीच्या गाडीचं तिकीट हवं असेल तर सगळं सुरळीत. ही रचना महानगरांसाठी केलेली होती आणि महानगरांत ती चालली. अडचण झाशीसारख्या ठिकाणी होती.

झाशीतून काय जातं ते पाहा. पंजाब मेल मुंबईची. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस चेन्नईची. तेव्हाची आंध्र प्रदेश एक्सप्रेस सिकंदराबादकडची. चंबळ एक्सप्रेस हावड्याहून माणिकपूरमार्गे येणारी, म्हणजे कोलकात्याची. आणि शताब्दी दिल्लीची. पाच केंद्रं, पाचांच्याही गाड्या या एकाच फलाटावरून. झाशीहून भोपाळला जायचं म्हटलं, तर प्रवाशाच्या दृष्टीनं तो एकच रस्ता. यंत्राच्या दृष्टीनं मात्र कोणती गाडी निवडली त्यावर माहिती देशाच्या पाच कोपऱ्यांपैकी कुठल्या तरी एका डिस्कवर. महानगराच्या खिडकीला परक्या केंद्राची गाडी क्वचित लागायची. झाशीला ती रोज लागायची. जाळं विणायची खरी गरज कुठे होती, हे पाहायचं तर टोकाच्या शहरांपेक्षा मधल्या जंक्शनकडे पाहावं.

आता थोडं डेककडे. मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी लोकरीच्या एका जुन्या गिरणीत सुरू झालेली ही कंपनी. तिचं व्हॅक्स यंत्र १९७७ चं आणि त्यावरची कार्यप्रणाली व्हीएमएस. १९८३ मध्ये डेकनं व्हॅक्सक्लस्टर जाहीर केला: अनेक यंत्रं, सामाईक डिस्का, आणि बाहेरून पाहणाऱ्याला एकच यंत्रणा. एक यंत्र बंद पडलं तर दुसरं काम उचलणार. १९९२ मध्ये डेकनं अल्फा ही अगदी वेगळ्या बांधणीची चिप आणली, पण जुन्या ग्राहकांना वाऱ्यावर सोडलं नाही. व्हॅक्स आणि अल्फा एकाच क्लस्टरमध्ये नांदतील अशी सोय केली. बँका, शेअर बाजार, टेलिफोन कंपन्या अशा ज्यांना दुकान एक दिवसही बंद ठेवता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय सोन्याच्या मोलाची होती. नवं यंत्र जोडा, काम हळूहळू सरकवा, मग जुनं काढा. खिडकी उघडीच.

मात्र यासाठी आधी डोकं चालवावं लागे, आणि त्या काळच्या सिस्टीम मॅनेजरांनी जे धडे गिरवले ते आजही जुने झालेले नाहीत. पहिली गोष्ट: ज्या डिस्कवरून यंत्र सुरू होतं ती प्रत्येक जातीची वेगळी. व्हॅक्सच्या डिस्कवरून अल्फा उठणार नाही. माहितीच्या डिस्का मात्र दोघांच्या सामाईक. म्हणजे सुधारणा करायची तर ती दोन ठिकाणी करायची आणि एक विसरायची नाही; मिश्र क्लस्टरमधले निम्मे घोळ या विसरण्यातून होत.

दुसरी गोष्ट मतदानाची. समजा क्लस्टरमध्ये तीन यंत्रं आहेत आणि त्यांना जोडणारी तार तुटली. दोन यंत्रं एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंना वाटतंय की पलीकडचे मेले. दोघांनीही कारभार चालू ठेवला तर एस-५ मधला २३ नंबरचा बर्थ दोघांना विकला जाईल. यासाठी व्हीएमएसमध्ये प्रत्येक यंत्राला मत असे. तीन मतं अपेक्षित असतील तर किमान दोन हवीत; त्याहून कमी मतं हाताशी उरली तर त्या बाजूचं यंत्र जागच्या जागी गोठून बसे. चुकीचं काम करण्यापेक्षा काम न करणं बरं, हा त्यामागचा हिशेब. दोनच यंत्रं असतील तर तिसरं मत एका डिस्कला देत. ही कोरमची कल्पना सहकारी सोसायटीच्या सभेला बसलेल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. गंमत अशी की, सोसायट्या कोरम नसला तर अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हा भरवतात. यंत्राला ही पळवाट नाही.

तिसरी गोष्ट, आणि अनुभवी मंडळींच्या मते सगळ्यांत चिवट, ती माणसांची यादी. व्हीएमएसमध्ये वापरकर्त्यांची एक फाइल असते: नाव, पासवर्ड, गट आणि सदस्य क्रमांक, कोणते अधिकार, किती मेमरी वापरायची मुभा. क्लस्टरभर ही फाइल एकच ठेवायची की प्रत्येक यंत्राची वेगळी, हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागे. वेगळ्या ठेवल्या तर एकाच माणसाचे दोन ठिकाणी दोन क्रमांक पडत आणि एका यंत्रावर त्यानं स्वतः बनवलेली फाइल दुसऱ्या यंत्राला परक्याची वाटे. याहून वाईट म्हणजे दोन वेगळ्या माणसांना एकच क्रमांक. मग एकाची कागदपत्रं दुसऱ्याच्या मालकीची. दोन स्वतंत्र यंत्रणा एक करताना असे दुहेरी क्रमांक शोधून निस्तरणं हे तारा जोडण्यापेक्षा मोठं काम असे. त्यात यंत्रांच्या जातीचाही फरक पडे: व्हॅक्स मेमरीचे तुकडे ५१२ बाइटांचे पाडी, अल्फा ८ किलोबाइटांचे. व्हॅक्सवर ज्या माणसाला नेमून दिलेली मेमरी पुरे पडायची, त्याचा प्रोग्राम अल्फावर अडू शके. म्हणून सामाईक यादी करायची तर ज्याची भूक मोठी त्याच्या मापानं वाढायचं.

आणखी एक सोय होती, बंदिस्त खात्याची. अशा खात्यानं लॉगिन केलेला माणूस थेट ठरलेल्या मेनूवर जातो. यंत्राला इतर कोणतीही आज्ञा देणं त्याला शक्यच नसतं. खिडकीवर बसणाऱ्या माणसाला तिकीट देता यावं, रद्द करता यावं, पण कोट्याची रचना किंवा दुसऱ्याचा हिशेब उघडता येऊ नये, अशा कामाला ही कल्पना चपखल बसते. आरक्षण केंद्रातही प्रत्येक क्लार्कचा आपला आयडी, आपला पासवर्ड. शिफ्ट संपताना त्या आयडीवर फाडलेली तिकिटं आणि गल्ल्यातली रोकड जुळवायची. एडमंडसनच्या पुठ्ठ्यावरचा अनुक्रमांक आता माणसाच्या नावाला चिकटला. सुपरवायझरच्या आयडीला जास्तीचे अधिकार. शेजारच्या खिडकीवर ‘जरा माझ्यावर लॉगिन करून ठेव’ म्हणणं ही सर्वांत किरकोळ वाटणारी आणि सर्वांत महाग पडणारी सवय. ती कोणत्याही कार्यालयात आजही सापडेल.

बेटं जोडण्यासाठी क्रिसनं जी नवी यंत्रणा लिहिली तिचं नाव कॉन्सर्ट. १९९४ मध्ये ती आधी सिकंदराबादला बसवली. पाचांतलं एक केंद्र आधी, मग एकेक करत बाकीची, हा क्रम मुद्दाम ठरवलेला. मधल्या काळात काही केंद्रं जुन्या इम्प्रेसवर, काही नव्या कॉन्सर्टवर, आणि देशभरची आरक्षणं चालूच. एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. रचना अशी की प्रत्येक केंद्र आपल्या गाड्यांचं मालक राहिलं. सगळी माहिती एका ठिकाणी ओतली नाही. खिडकीवरची मागणी कोणत्या केंद्राची आहे ते ओळखून तिकडे पोहोचवणारा आणि वाटेत तार तुटली तरी व्यवहार अर्धवट न सोडणारा डेकचाच एक प्रोग्राम मध्ये बसवला. बर्थ गेला आणि पैसे आले नाहीत, किंवा पैसे घेतले आणि बर्थ नाही, असं होता कामा नये. टेलिफोनच्या तारांचा तेव्हाचा भरवसा ज्यांना आठवतो, त्यांना यातली कामगिरी कळेल.

हा निर्णय माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत शहाणा. सगळं दिल्लीत एका महायंत्रात आणा, हा मोह त्या काळी कमी नसणार. तो टाळला गेला म्हणून एक केंद्र बंद पडलं तरी बाकीच्या चारांच्या गाड्या विकल्या जात राहिल्या. झाशीच्या खिडकीवरून पाहिलं तर पाचांपैकी एक रस्ता बंद, चार उघडे.

या रचनेची खूण प्रत्येक तिकिटावर छापलेली असते. दहा आकडी पीएनआरचा पहिला आकडा साधारणपणे गाडीचं केंद्र सांगतो. १ सिकंदराबाद, २ किंवा ३ दिल्ली, ४ किंवा ५ चेन्नई, ६ किंवा ७ कोलकाता, ८ किंवा ९ मुंबई. झाशीच्या खिडकीवर झाशीच्या क्लार्कनं फाडलेलं पंजाब मेलचं तिकीट म्हणून आठ किंवा नऊनं सुरू होतं, आणि त्याच खिडकीवरचं झाशीहून सुटणाऱ्या गाडीचं दोन किंवा तीननं.

तारा जुळल्या, भिंती पडल्या, पण सगळ्या नाही. मधल्या स्टेशनाचा कोटा १९९९ नंतरही उरला. मुंबईहून येणाऱ्या गाडीत झाशीहून चढणाऱ्याला आजही कोट्याची वेगळी वेटिंग लिस्ट मिळते, आणि मूळ स्टेशनावरच्या वेटिंगपेक्षा ती कन्फर्म व्हायची शक्यता कमी असते. रजिस्टरच्या काळात याला कारण होतं: दोन शहरांत एकच पान ठेवता येत नव्हतं. आता पान एकच आहे. लांबच्या प्रवाशाला प्राधान्य द्यायचं म्हणून कोटा ठेवला जातो, हे धोरण झालं, आणि त्याच्या बाजूनं बोलण्यासारखंही बरंच आहे. मात्र ‘सिस्टीममध्येच तसं आहे’ हे खिडकीवरचं उत्तर खरं नाही. सिस्टीमला सांगितलेलं आहे म्हणून ती तसं करते.

१ एप्रिल २००३ रोजी उत्तर मध्य रेल्वे सुरू झाली आणि झाशी मुंबईच्या हातून गेली. मुख्यालय अलाहाबाद, आताचं प्रयागराज. भोपाळ पश्चिम मध्य रेल्वेत गेलं. शंभर वर्षांचा कारभार एका अधिसूचनेनं हलला, आणि प्रवाशाला फारसं काही जाणवलं नाही, कारण जाळं झोनच्या सीमेवर अवलंबून राहिलेलं नव्हतं. २०२१ च्या डिसेंबरात स्टेशनचं नाव बदलण्याचा आदेश निघाला. आज ते वीरांगना लक्ष्मीबाई झाशी जंक्शन आहे. जेएचएस हा पिढ्यान्पिढ्यांचा कोडही गेला, आता व्हीजीएलजे. स्टेशनाचा कोड म्हणजे यंत्राच्या लेखी त्या स्टेशनाचं खरं नाव. भाडं, अंतर, कोटा, चार्ट सगळं त्याला लटकलेलं. फलाटावरची पाटी एका दिवसात बदलते. कोड बदलायचा तर तिकीट खिडकी, वेबसाइट, चौकशीची यंत्रणा, मालवाहतुकीची यंत्रणा अशा वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या यंत्रांवर लिहिलेल्या साऱ्या वह्यांमध्ये तो बदलावा लागतो.

दरम्यान वापरकर्त्यांची व्याख्याच पालटली होती. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीनं इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू केली. सुरुवातीला छापील तिकीट कुरिअरनं घरी येई, हे आता तरुणांना खोटं वाटेल. तोवर जाळ्यात लॉगिन करणारा माणूस म्हणजे रेल्वेचा नोकर: परीक्षा देऊन आलेला, बदली होणारा, चूक केली तर निलंबित होणारा. आता कुणीही घरबसल्या खातं उघडू लागला. एप्रिल २०१४ मध्ये वेबसाइटची नवी यंत्रणा आली. मिनिटाला २,००० तिकिटांवरून क्षमता ७,२०० वर गेली. पुढचा दर्शनी भाग अगदी आधुनिक, मेमरीतच माहिती खेळवणारा, आणि मागे बर्थ विकणारा गाभा तोच जुना व्हीएमएसवरचा. मिश्र यंत्रणेचं याहून मोठं उदाहरण देशात क्वचितच सापडेल.

कोट्यवधी खाती झाली की त्यांतली किती खऱ्या माणसांची, हा प्रश्न आलाच. सकाळी दहाला वातानुकूलित वर्गाचं तत्काळ उघडतं, अकराला शयनयानाचं. त्या पहिल्या काही मिनिटांत माणसाची बोटं आणि दलालांचे स्वयंचलित प्रोग्राम यांची शर्यत लागते, आणि निकाल ठरलेला असतो. रेल्वेनं एकेक कुंपण घातलं. २०२२ पासून आधार न जोडलेल्या खात्याला महिन्याला १२ तिकिटं, जोडलेल्याला २४. २०२५ मध्ये अडीच कोटी संशयास्पद आयडी बंद केल्याचं जाहीर झालं. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची झाली आणि तत्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आली. अडीच कोटी! महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याएवढी खाती जर संशयास्पद होती, तर यादी वर्षानुवर्षं झाडलीच गेली नव्हती असं म्हणावं लागतं. क्लार्कांच्या यादीला जी शिस्त पहिल्या दिवसापासून होती ती ग्राहकांच्या यादीला फार उशिरा मिळाली.

यंत्रांचं काय झालं? डेक १९९८ मध्ये कॉम्पॅकनं विकत घेतली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली. अल्फा बंद पडली, व्हीएमएस इटॅनियम नावाच्या तिसऱ्या जातीच्या चिपवर नेलं गेलं; अल्फा आणि इटॅनियम एकाच क्लस्टरमध्ये नांदतील अशी सोय पुन्हा केली गेली. मग इटॅनियमचेही दिवस भरले. इंटेलनं २०२१ मध्ये तिचा पुरवठा थांबवला. व्हीएमएस आता एका लहान कंपनीच्या हाती आहे आणि २०२२ पासून साध्या एक्स-८६ यंत्रांवरही चालतं. रेल्वे मंत्रालयानं २०२५ मध्ये सांगितलं की सध्याची आरक्षण यंत्रणा २०१० ची असून इटॅनियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएसवर चालते, मिनिटाला सुमारे २५,००० तिकिटं देते, आणि तिच्या जागी चौपट क्षमतेची क्लाउडवर चालणारी नवी यंत्रणा येत आहे.

ती यायलाच हवी. सुटे भाग न मिळणाऱ्या यंत्रावर देशाचं आरक्षण ठेवणं हा निव्वळ जुगार आहे, आणि ही कार्यप्रणाली जाणणारी माणसं निवृत्तीच्या वयाला आली आहेत. पण बातम्यांत चर्चा आहे ती मिनिटाला किती तिकिटं याची. झाशीच्या खिडकीवर किंवा झाशीच्या कुणा विद्यार्थ्याच्या मोबाइलवर हिशेब वेगळा लागेल: पाचही दिशांच्या गाड्या पहिल्यासारख्या एकाच पडद्यावर दिसतात का, मधल्या स्टेशनाचा कोटा नव्या यंत्रात सवयीनं जसाच्या तसा उतरवला की त्याचा पुन्हा विचार केला, जुन्या याद्यांमधली मेलेली खाती गाळून पुढे नेली की सरसकट ओतली. इम्प्रेसवरून कॉन्सर्टवर जाताना रेल्वेनं १९९४ ते १९९९ अशी पाच वर्षं घेतली, एका वेळी एक केंद्र हलवलं, आणि तोवर जुनी यंत्रणा चालू ठेवली. या खेपेलाही अधिकाऱ्यांनी उद्घाटनाच्या तारखेसाठी तो क्रम मोडू नये.